आवाज बंद झाला की

सोलापूर जिल्ह्यातल्या असंख्य जीवांना मी प्राणवायू दिला. हे वाक्य माझं नाही. गेल्या वर्षी मी निवृत्त झालो तेव्हा दुकानाच्या मालकांनी मला मानपत्र दिलं, त्यातलं ते पहिलं वाक्य आहे. मानपत्र लाल मखमलीवर चिकटवलेलं आहे आणि त्याला सोनेरी झालर आहे. ते ज्या प्राध्यापकांकडून लिहून घेतलं त्यांनी आमच्या दुकानात काय विकतात याची चौकशी केली नव्हती. एकवीस वर्षांत मी कुणालाही प्राणवायू दिलेला नाही. जे यंत्र मी लोकांच्या नाकाला जोडत होतो त्यातून खोलीतली साधी हवा येते. शुक्रवार पेठेत लावलं तर शुक्रवार पेठेतली, शेजारच्या गाड्यावर भजी तळत असतील तर त्या वासासकट.

प्राध्यापकांची ही चूक पुष्कळांची होते. तिच्यापायी एका माणसाची नोकरी जायची वेळ आली होती, म्हणून हे लिहितो.

आमचं दुकान सर्जिकलचं. कुबड्या, कमरेचे पट्टे, चाकाच्या खुर्च्या, वाफेची यंत्रं. मी कमरेच्या पट्ट्यांवर होतो. एका छातीच्या डॉक्टरांनी मालकांना सांगितलं, झोपेत श्वास अडकणाऱ्यांसाठी यंत्र आलंय, पण त्याचा मास्क चेहऱ्यावर नीट बसवणारा माणूस गावात नाही. मालकांनी इकडेतिकडे पाहिलं. पट्टा कंबरेवर बसवणारा माणूस मास्क नाकावरही बसवील, असा त्यांनी हिशेब केला. कंपनीनं मला दोन दिवसांचं शिक्षण दिलं आणि 'स्लीप थेरपी कन्सल्टंट' असं छापलेली कार्डं दिली. त्यांतली बरीचशी अजून माझ्याकडे आहेत. गिऱ्हाइकं मला नाकवाले म्हणत.

आजार समजायला सोपा आहे. झोपल्यावर काही माणसांच्या घशाची वाट ढिली पडून मिटते. श्वास थांबतो. मग शरीर दचकून वाट उघडतं, घोरण्याचा मोठा आवाज येतो, आणि वाट पुन्हा मिटते. रात्रभर हेच चालतं. माणसाला वाटतं आपण आठ तास झोपलो. प्रत्यक्षात तो आठ तास दचकत असतो, आणि दिवसा कुठंही डुलक्या घेतो. यंत्र बेताच्या दाबानं हवा ढकलत राहतं, त्यामुळे वाट मिटत नाही. यंत्राचं काम एवढंच. बाकी सगळं मास्कवर.

कंपनीचे लोक त्याला मास्क म्हणत नसत, इंटरफेस म्हणत. गिऱ्हाइकं त्याला 'तोंडाचं' म्हणत: "साहेब, यंत्र बरंय, तेवढं तोंडाचं बदलून द्या." प्रकार तीन. फक्त नाक झाकणारा, नाक-तोंड दोन्ही झाकणारा, आणि नाकपुड्यांना दोन मऊ बोंडं टेकवणारा. बसवण्याची गोम अशी की तो घट्ट आवळायचा नसतो. त्याची रबरी कड हवेवर तरंगली पाहिजे. आवळला की कडेला सुरकुती पडते आणि तिथूनच हवा निसटते. मग माणूस आणखी आवळतो, आणि सकाळी नाकाच्या मुळावर जखम घेऊन दुकानात येतो. पुढच्या बाजूला बारीक छिद्रं असतात, सोडलेला श्वास बाहेर जायला. लोकांना ती गळती वाटते. करकंबच्या एका ऊसवाल्यानं ती पाइपाच्या सोल्युशननं बुजवून आणली होती, आणि मास्कमध्ये गुदमरतं अशी तक्रार केली होती.

दुसरी गोष्ट, मास्क आडवं पडूनच बघावा लागतो. बसलेल्या माणसाचा चेहरा आणि झोपलेल्या माणसाचा चेहरा हे दोन वेगळे चेहरे आहेत. दुकानात विक्रीला ठेवलेली एक हॉस्पिटलची खाट होती. तिच्यावर गिऱ्हाइकाला निजवून मी यंत्र चालू करायचो. काचेतून रस्त्यावरचे लोक बघत. पुढे मी पडदा लावून घेतला, तेव्हा आत काय चाललंय म्हणून जास्त लोक थांबायला लागले, म्हणून तो काढून टाकला.

प्रश्न विचारायची माझी एक यादी होती. ती पुस्तकातून आली नव्हती, फजितीतून आली होती. एका निवृत्त मुख्याध्यापकांना मी तीन वेळा मास्क बदलून दिला. दुकानात चोख बसायचा, घरी भसाभस हवा सुटायची. चौथ्या वेळी कळलं की ते रात्री कवळी काढून वाटीत ठेवतात. दुकानात मी ज्या चेहऱ्याला मास्क बसवत होतो तो रात्री वाटीत असायचा. तेव्हापासून दात तुमचेच का, हे मी आधी विचारू लागलो. बायकांना नाकातली मोरणी रात्री काढता का, पुरुषांना मिशी किती दिवस ठेवणार, झोपताना गालात तंबाखू धरता का, डोक्याला तेल किती. यादी वाढत गेली आणि मला तिचा थोडा गर्व झाला. तीत एक प्रश्न नव्हता.

आजाराचं गांभीर्य लोकांना पटावं म्हणून एकदा आम्ही सभागृहात कार्यक्रम केला. प्रमुख पाहुणे दुसऱ्याच भाषणात झोपले. मी तिसऱ्या रांगेत होतो. त्यांचा श्वास थांबला की मी मनात अंक मोजायचो. एकदा बावीसपर्यंत गेलो. नंतर त्यांच्या स्वीय सहायकाकडे माझं कार्ड दिलं. निरोप आला, साहेब झोपत नाहीत.

आता गुरुसिद्ध. दुधनीचा, पन्नाशीचा, एका शाळेच्या बसवर ड्रायव्हर. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि रागात दोन्ही. बस घेऊन तो रेल्वेच्या फाटकाशी थांबला होता. गाडी गेली, फाटक उघडलं, पुढची वाहनं गेली, मागचे भोंगे वाजवायला लागले. गुरुसिद्ध स्टिअरिंगवर हात ठेवून झोपलेला. पुढच्या सीटवरच्या एका तिसरीतल्या मुलीनं त्याचा खांदा हलवला. "मामा, गेट उघडलं." कुणाला काही झालं नाही. पण मुलीनं ते घरी सांगितलं, घरच्यांनी शाळेत सांगितलं, आणि संस्थेच्या सचिवांनी किल्ली काढून घेतली. सचिवांचं ऑफिस आणि बसची शेड यांत वीस पावलांचं अंतर, तरी त्यांनी त्याला आवक-जावक क्रमांक घातलेलं पत्र पोस्टानं पाठवलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी डॉक्टरांचा दाखला आणावा, अन्यथा बदली ड्रायव्हरला कायम करण्यात येईल.

डॉक्टरांनी तपासणी करून यंत्र लिहून दिलं आणि अट घातली. यंत्रात एक कार्ड असतं. मास्क किती तास लावला, हवा किती सुटली, सगळं त्यात उमटतं. सलग तीन आठवडे रात्री निदान चार तास दिसले तर दाखला, नाहीतर नाही. दुसऱ्यांची मुलं बसमध्ये आहेत, माझं मन धजणार नाही, असं ते म्हणाले. मला ते पटलं.

गुरुसिद्ध खाटेवर आडवा झाला तेव्हा मास्क हातात घेऊन उलटसुलट बघत म्हणाला, "साहेब, बैलाला मुसकं घालत्यात तसलं हाय की हे."

"बैलानं खाऊ नये म्हणून घालतात. तुम्ही झोपावं म्हणून."

"झोप तर मला लई येती. तीच तर तक्रार हाय."

पट्टे त्यानं ताडपत्रीचा दोर आवळावा तसे दोन्हीकडून ओढले. मी म्हटलं, सैल सोडा.

"सैल सोडलं तर माल सांडतो, साहेब."

"हा माल हवेचा आहे. आवळला की सांडतो."

त्याला ते लगेच समजलं. ड्रायव्हर लोकांना हातानं करायची गोष्ट एकदाच सांगावी लागते. दहा मिनिटांत तो असा झोपला की मला त्याला उठवायचं जिवावर आलं. दीड तास झोपला. गिऱ्हाइकं दबक्या पावलांनी येत-जात होती. उठल्यावर त्यानं डोळे चोळले, काचेबाहेर बघितलं आणि म्हणाला, "सगळं लांबचं दिसायला लागलं की." मग यंत्राचं खोकं मांडीवर घेऊन तो गाडीनं दुधनीला गेला. खोक्यावर मास्क लावून झोपलेल्या माणसाचं मोठं चित्र होतं. ते चित्र दुधनीपर्यंत सगळा डबा बघत गेला असणार, हे मला नंतर सुचलं.

दहा दिवसांनी तो कार्ड घेऊन आला. पहिल्या चार रात्री सहा-सहा तास. मग अर्धा तास. चाळीस मिनिटं. अर्धा तास. मास्क चेहऱ्यावरून निघाला की यंत्र आपोआप बंद होतं, त्यामुळे नोंद अगदी स्वच्छ होती.

"काढून ठेवता का?"

"न्हाय की. लावून झोपतो. सकाळी उठतो तर उशाला पडलेलं."

असं होतं. पुष्कळ लोक झोपेत स्वतःच मास्क ओढून काढतात आणि त्यांना आठवत नाही. मी त्याला तसं सांगितलं, पुस्तकात आहे त्या शब्दांत. नाकाचा मास्क टोचत असेल म्हणून तोंडासकट झाकणारा दिला. आठवड्यानं पुन्हा तेच, पस्तीस मिनिटं. मग बोंडांचा दिला. खाटेवर तिन्ही मास्कमध्ये तो बिनघोर झोपला. घरी कुठल्याच नाही. मास्क न वापरण्याच्या कारणांची यादी कंपनीच्या फॉर्मवर छापलेली असते: त्वचेला त्रास, कोरडं तोंड, घुसमट, आवाज, इच्छा नाही. मी 'इच्छा नाही' समोर खूण केली. माझ्या वहीत लिहिलं, 'स्वतः काढतो. कबूल करत नाही.'

तो उठता उठता म्हणाला, "त्या बदलीवाल्यानं माझ्या सीटची गादी बदलली म्हनं." एवढंच. ओरडला नाही, गयावया केली नाही. शाळा उघडायला पंचवीस दिवस होते. त्यांतले एकवीस कार्डावर लागत होते.

मी घरी जाऊन गिऱ्हाइकाचं झोपणं बघितलं नव्हतं. मास्कवाल्यानं घरी जायची पद्धत नाही. त्या रविवारी गेलो, ते सीटच्या गादीबद्दलच्या त्याच्या त्या एका वाक्यामुळे.

दाराबाहेर चपलांचे पंधरा-वीस जोड होते. मी थबकलो. आत सोप्यात माणसं भिंतीला टेकून बसलेली, कुणी बोलत नव्हतं. कोपऱ्यात शहाळी, केळी आणि बिस्किटांचे पुडे. कपाळावर भस्माचे पट्टे असलेल्या एका म्हाताऱ्यानं उठून माझा हात धरला आणि हळू आवाजात विचारलं, "डॉक्टर, किती दिस काढंल?"

मी म्हटलं, मी डॉक्टर नाही. आणि कोण?

"गुरुसिद्ध. ऑक्सिजनवर हाय न्हवं का."

गुरुसिद्ध पलीकडे बाजेवर बसला होता, धुतलेला शर्ट घालून, हातात शहाळं. मला बघून तो ओशाळला. "रोज येत्यात, साहेब. सांगून दमलो. काल एकजण रडला. मीच त्याला च्या पाजला."

ऑक्सिजन हा शब्द आमच्या जिल्ह्यात कोरोनापासून एकाच अर्थानं उरलाय. अमुक ऑक्सिजनवर आहे म्हणजे शेवटचं बघून घ्या. खोकं गाडीतून उतरलं आणि शब्द त्याच्या आधी घरी पोचला. त्याची बहीण सासरहून आली, आणि तिच्याकडे राहायला गेलेली आई तिच्याबरोबर परत आली. पाचव्या दिवशी. हे मी मनात नोंदवलं, पण कार्डाशी जोडलं नाही.

मी सगळ्यांना सांगितलं की यात ऑक्सिजन नाही. नळी दाखवली, मागची जाळी दाखवली. हीच खोलीतली हवा आत जाते आणि नाकात येते.

मग भस्मवाला म्हातारा म्हणाला, "म्हंजे हितलीच हवा?"

"इथलीच."

"मग पंखा लावायचा की."

लोकांची जरा निराशा झाली, हे मला स्पष्ट दिसलं. बहिणीनं गुरुसिद्धकडे असं बघितलं, जणू तो काहीतरी कबूल करून फिरलाय.

मी त्याला म्हटलं, जेवण झालंय, आडवं व्हा आणि मास्क लावा, मला बघायचंय. त्याची आई, नीलव्वा, ऐंशीच्या घरातली, उंबऱ्याशी सुपात तूर निवडत होती. बायको महादेवी आत भांडी लावत होती. रात्रीही ती आतच झोपते, त्याचं कारण तिनंच सांगितलं: "लग्नाच्या दुसऱ्या वर्षापास्न आत झोपते मी. ह्यांच्या घोरन्यानं पत्रा हालतो. भाईर अव्वा अन् हे."

गुरुसिद्ध झोपला. मास्क न लावता दोन मिनिटं घोरला असेल, ते घोरणं खरंच मोठं होतं. माणसं आपसात बोलायची थांबली नाहीत, त्यांना सवय होती. मग मी त्याला हलवून मास्क लावायला लावला. त्यानं झोपेतच लावला, मी शिकवलं तसा, सैल. हवा सुरू झाली, घोरणं थांबलं. खोली शांत झाली.

आणि त्या शांततेत बोलणी थांबली. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. नीलव्वानं सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात टेकत उठली, बाजेशी आली, वाकली, आणि गालाजवळची क्लिप अंगठ्यानं दाबून मास्क एका हातानं काढला. ती क्लिप एका हातानं काढायला माणसांना शिकवायला मला कधीकधी आठवडा लागलाय. तिनं मास्क उशाला ठेवला. यंत्र बंद झालं. गुरुसिद्ध एकदम मोठ्यानं घोरला. नीलव्वा परत जाऊन तूर निवडायला लागली. कुणालाही त्यात वेगळं काही वाटलं नाही. रात्री शेजारी कोण झोपतं, हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता.

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. "अव्वा, काढलंत का?"

"आवाज बंद झाला की, यप्पा."

"रोज काढता?"

"बंद झाला की काडते." तिनं खडा बाजूला टाकला. "त्येंचा बी असाच बंद झाला व्हता."

पुढचं महादेवीनं सांगितलं. कोरोनात सासू-सासरे दोघं सोलापूरला एकाच वॉर्डात होते. सासरेही जन्मभर घोरणारे. सासूची खाट शेजारची. तिला मास्क नव्हता, त्यांना होता. ती रात्री त्यांचं घोरणं ऐकत पडायची. तिसऱ्या रात्री आवाज बंद झाला. तिला वाटलं, बरं झालं, झोपले.

नीलव्वा मान वर न करता म्हणाली, "मी तवा उटले न्हाय."

एव्हाना गुरुसिद्ध जागा झाला होता. तो आईकडे वळला. मग कन्नडमध्ये काहीतरी बोलला, आवाज चढवून, ज्यात नोकरी आणि शाळा हे दोनच शब्द मला कळले. तिनं उत्तर दिलं, ते मला सोडून सगळ्यांना कळलं, म्हणून बहिणीनं मला मराठीत सांगितलं: "म्हनती, नोकरी गेली तर दुसरी मिळंल."

घशाची वाट, हवेचा दाब, दचकणं, हे सगळं मी तिला सांगितलं. तिनं नम्रपणे ऐकलं. आवाज येतो म्हणजे जिवंत आहे, हे तिचं शास्त्र होतं, आणि ते पन्नास वर्षं बरोबर ठरलं होतं. चुकलं ते आवाज बंद होऊनही ती उठली नाही त्या एका रात्री. माझं शास्त्र तिला सांगत होतं की आवाज नाही हेच चांगलं.

मग मी मास्क पुसून स्वतःच्या नाकाला लावला आणि त्या बाजेवर आडवा झालो. पंधरा-वीस माणसं वरून बघत होती. इतकी वर्षं मी लोकांना दुकानातल्या काचेमागे निजवत होतो, त्यांना काय वाटत असेल हे मला तेव्हा कळलं. मी नीलव्वाचा हात धरून मास्कच्या पुढच्या छिद्रांसमोर आणला. तळव्याला वारा लागला. तिनं हात मागं घेतला, पुन्हा पुढं केला.

मास्क काढून मी म्हटलं, "अव्वा, आवाज ऐकू नका. रात्री जाग आली की इथं हात धरा. वारा लागला की समजा, पोरगा बरा आहे."

"वारा लागला की?"

"लागला की झोपायचं."

तिनं विचार केला. मग गुरुसिद्धला म्हणाली, "पड." तो पडला, घोरायला लागला, मग मी मास्क लावला. घोरणं थांबलं. ती हात धरून उभी राहिली, बराच वेळ उभी राहिली. माझी परतीची गाडी चुकते की काय असं वाटायला लागलं. मग तिनं हात काढला, तो पदराला पुसला आणि सुपाकडे गेली. भस्मवाला म्हातारा चपला शोधायला लागला. बहीण म्हणाली, मीबी उद्या निघते.

कार्डावर त्या रात्री पाच तास दहा मिनिटं उमटली. त्यापुढे एकवीस रात्री एकही खंड नाही. डॉक्टरांनी दाखला दिला. सचिवांनी तो स्वीकारल्याचं पत्र पोस्टानं पाठवलं. गुरुसिद्धनं बसमध्ये जुनी गादी परत घातली. वहीतलं 'कबूल करत नाही' मी खोडलं. फॉर्म मात्र कंपनीकडे गेला होता, तिथे त्याची इच्छा अजून नाहीच.

माझ्या निरोपाच्या कार्यक्रमाला तो आला होता. मानपत्राचं पहिलं वाक्य वाचलं तेव्हा मागच्या रांगेतून माझ्याकडे बघून हसला. नंतर जेवताना म्हणाला, "अव्वा अजून रोज दोनदा उटती, साहेब. हात धरती. वारा लागला की निवांत झोपती. म्हनती, नाकवाल्यानं खरं सांगितलं."

मी मान डोलावली आणि जिलेबी घेतली. त्या छिद्रांतून वारा येतो तो यंत्राचा असतो. यंत्र चालू आहे तोवर तो येतच राहतो. आतला माणूस श्वास घेतो की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नसतो.